कॉलममध्ये ओतण्याआधी

या वेळच्या प्रश्नोत्तर सदरासाठी औषधनिर्मितीतल्या क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्रावर, प्रश्न मागवले होते. विद्यार्थी, कारखान्यातले केमिस्ट, औषध घेणाऱ्यांचे नातेवाईक, सगळ्यांनीच लिहिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (बी. फार्म.ची विद्यार्थिनी, सातारा): प्रॅक्टिकलमध्ये आम्ही टीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर स्पॉट वेगळे करतो. कारखान्यात औषध टनांनी बनते. तिथे शुद्धीकरणासाठी खरोखर कॉलम (सिलिकासारख्या घन पदार्थाने भरलेली नळी) वापरतात का, की क्रोमॅटोग्राफी फक्त चाचणीपुरतीच असते?

उत्तर: दोन्हींसाठी वापरतात. मात्र शुद्धीकरणात पहिला मान स्फटिकीकरणाचा आहे आणि तो रास्त आहे. पॅरासिटामॉल किंवा मेटफॉर्मिनसारख्या औषधाचे रेणू स्फटिकात नीट बसतात आणि अशुद्धी मदर लिकरमध्ये, म्हणजे उरलेल्या द्रावणात, राहून जाते. एक रिअ‍ॅक्टर, एक सेंट्रिफ्यूज, एक ड्रायर एवढ्यावर काम भागते. कॉलमला एक किलो मालामागे शेकडो लिटर सॉल्व्हंट लागू शकते, आणि ते परत उडवायला वाफही लागते. त्यामुळे स्फटिकीकरण हरले तरच कॉलमकडे वळावे.

ते हरते कधी? रेणू स्फटिक धरतच नाही तेव्हा, किंवा अशुद्धी इतकी सारखी असते की तीही स्फटिकात जाऊन बसते तेव्हा. यू झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल काढताना सोबत सेफालोमॅनिन येते. दोघांत फरक बाजूच्या साखळीवरच्या एकाच गटाचा: एकात बेन्झॉइल, दुसऱ्यात टिग्लॉइल. अशा जोड्या सोडवायला कॉलमच लागतो. पेप्टाइड आणि प्रथिनांच्या औषधांत तर कॉलमशिवाय पान हलत नाही.

तत्त्व तुमच्या टीएलसीचेच आहे. मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सात ते मांडले. १९०६ च्या निबंधांत त्यांनी पानांतली रंगद्रव्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या नळीतून वेगळी करण्याची रीत दिली. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना विभाजन क्रोमॅटोग्राफीसाठी १९५२ चे नोबेल मिळाले. जो घटक स्थिर घन भागाला जास्त धरून राहतो तो मागे पडतो, जो वाहत्या द्रवात जास्त रमतो तो पुढे जातो. बाकी सगळा तपशील हा फरक वाढवण्यासाठी असतो.

प्रश्न (प्रॉडक्शन केमिस्ट, महाड एमआयडीसी): आमच्याकडे १०० ग्रॅम क्रूडसाठी (अशुद्ध कच्च्या मालासाठी) ५ किलो सिलिकाचा कॉलम लावतो. टीएलसीवर दोन स्पॉट वेगळे दिसतात, पण कॉलममधून दोन्ही एकत्रच येतात. शिवाय उन्हाळ्यात कॉलमला मध्येच भेगा जातात. कुठे चुकते आहे?

उत्तर: ५० पट सिलिका पुरेशी आहे, त्यामुळे ती वाढवून प्रश्न सुटणार नाही. आधी आरएफ तपासा, म्हणजे प्लेटवर सॉल्व्हंट जितके चढले त्याच्या किती भागापर्यंत स्पॉट चढला ते. पत्रात आरएफ दिलेला नाही, पण असे घडते तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही स्पॉट प्लेटच्या वरच्या अर्ध्या भागात असतात.

हिशोब साधा आहे. पदार्थ बाहेर यायला कॉलममधल्या द्रवाच्या किती पट सॉल्व्हंट लागेल हे अंदाजे १ भागिले आरएफ इतके असते. स्पॉट ०.७० आणि ०.६५ वर असतील तर ते १.४३ आणि १.५४ पटींना निघतील. म्हणजे अंतर जेमतेम ०.११ पट. सॉल्व्हंटची ध्रुवता कमी करून तेच स्पॉट ०.३० आणि ०.२५ वर आणा. आता ते ३.३३ आणि ४.०० पटींना निघतील आणि अंतर ०.६७ पट होईल, म्हणजे सहापट. प्लेटवर मात्र दोन्ही वेळी अंतर तेवढेच दिसते, आणि तिथेच माणूस फसतो. ५ किलो सिलिकाचा बेड साधारण १० लिटरचा होतो आणि त्यात सुमारे ८ लिटर द्रव मावतो. ०.२५ आरएफचा पदार्थ ३२ लिटरच्या आसपास बाहेर पडेल. त्याच्या कितीतरी आधी तो येऊ लागला तर पॅकिंग बिघडले आहे किंवा लोड (कॉलमवर घालायचा माल) चुकीचा चढवला आहे असे समजा.

लोडकडे फार कमी लोक लक्ष देतात. क्रूड विरघळत नाही म्हणून ते एक-दोन लिटर डायक्लोरोमिथेन-मेथनॉलमध्ये घेऊन वर ओतले, तर ते मेथनॉलच पहिला सॉल्व्हंट होते आणि माल अर्ध्या कॉलमभर पसरतो. त्याऐवजी क्रूड विरघळवून २०० ते ३०० ग्रॅम सिलिकावर चढवा आणि रोटाव्हेपरवर भुरभुरीत होईपर्यंत सुकवा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कॉलममध्ये हा थर जेमतेम तीन सेंटिमीटरचा होतो. त्यावर थोडी वाळू किंवा कापसाचा थर द्या, म्हणजे सॉल्व्हंट ओतताना पृष्ठभाग उखडत नाही.

कोणती मेश वापरता तेही पाहा. ६०-१२० मेशचे कण साधारण १२५ ते २५० मायक्रॉनचे असतात. सॉल्व्हंट गुरुत्वाकर्षणानेच उतरते, पण जवळचे स्पॉट सुटत नाहीत. २३०-४०० मेशचे कण ४० ते ६३ मायक्रॉनचे असतात आणि त्याला वरून थोडा नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो. क्लार्क स्टिल यांनी १९७८ मध्ये मांडलेली फ्लॅश पद्धत हीच. काचेच्या कॉलमवर दाब देताना तो कॉलम त्या दाबासाठी बनवलेला आहे याची खात्री हवीच. जाळीचे आवरण आणि प्रेशर रिलीफशिवाय हे करू नका.

भेगांचे कारण उष्णता. सिलिका ध्रुवीय सॉल्व्हंट शोषते तेव्हा गरम होते. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळते आणि मे महिन्यात शेडचे तापमान आधीच त्याच्या जवळ असते. आत बुडबुडे धरतात आणि बेड फाटतो. कोरडी सिलिका भरून वरून सॉल्व्हंट सोडू नका. वेगळ्या भांड्यात १५ ते २० लिटर सॉल्व्हंटमध्ये स्लरी करा, ती थंड होऊ द्या, बुडबुडे जाऊ द्या आणि मगच ओता. सॉल्व्हंटची पातळी बेडच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. इथाइल अ‍ॅसिटेट १० टक्क्यांवरून एकदम ५० वर नेऊ नका. १०, १५, २०, ३० असे चढा.

एक चाचणी नक्की करा. प्लेटच्या कोपऱ्यात स्पॉट लावून चालवा, सुकवा, प्लेट ९० अंशांत फिरवून त्याच सॉल्व्हंटमध्ये पुन्हा चालवा. सगळे स्पॉट कर्णरेषेवर आले तर ठीक. एखादा रेषेबाहेर दिसला तर माल सिलिकावर तुटतो आहे आणि दुसरा स्पॉट कॉलमच तयार करतो आहे. अमाइन असेल तर सॉल्व्हंटमध्ये अर्धा ते एक टक्का ट्रायइथाइलअमाइन घालून पाहा, आम्ल असेल तर तेवढेच अ‍ॅसिटिक आम्ल. आणि सिलिका ओतताना मास्क घालाच.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, पिंपरी): आमच्या गावातल्या पेनिसिलिनच्या कारखान्यात हे तंत्र होते का?

उत्तर: हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली. पेनिसिलिनसाठी कॉलम लागत नाही. आंबवलेला रस गाळून, थंड ठेवून, आम्लीय करून ते ब्युटाइल किंवा अमाइल अ‍ॅसिटेटसारख्या सॉल्व्हंटमध्ये ओढून घेणे ही जगभर रुळलेली रीत. पुढे पिंपरीत स्ट्रेप्टोमायसिनही बनले. स्ट्रेप्टोमायसिन पाण्यात इतके रमते की सॉल्व्हंटमध्ये येत नाही. पण तो धनभारित बेस आहे, त्यामुळे सोडियम रूपातल्या दुर्बल आम्ल रेझिनवर ते अडकते आणि विरल आम्लाने सोडवता येते. या उद्योगात आयन एक्स्चेंज (रेणूंना विद्युतभारावरून रेझिनवर धरण्याचे हे तंत्र) मोठ्या प्रमाणावर रुजले त्यात स्ट्रेप्टोमायसिनचा वाटा मोठा आहे. काटेकोर बोलायचे तर हे पकडणे आणि सोडणे आहे, जवळच्या घटकांना टप्प्याटप्प्याने वेगळे करणे नव्हे. पण आजच्या प्रथिन-औषधांच्या कॉलमचा पहिला टप्पा नेमका असाच असतो.

प्रश्न (वाचक, नाशिक): १९७० च्या आसपास माझ्या आजीला इन्शुलिन चालू झाले तेव्हा टोचलेल्या जागी मांडीवर खड्डे पडत. आज आईला तेच औषध आहे, पण तसे काही होत नाही. इन्शुलिन जास्त शुद्ध झाले म्हणून हे, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमके काय केले?

उत्तर: डॉक्टरांनी बरोबर सांगितले. ते खड्डे म्हणजे त्वचेखालची चरबी झिजणे, आणि त्यामागे मुख्यतः औषधातल्या परक्या अंशांना शरीराने दिलेली प्रतिक्रिया होती. तेव्हाचे इन्शुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढून जस्ताबरोबर पुन्हा पुन्हा स्फटिकरूप करत. स्फटिक सुंदर दिसत आणि शुद्धही मानले जात. डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये प्रोइन्शुलिन शोधले आणि चित्र बदलले. हेच स्फटिक विरघळवून जेल फिल्टरेशनच्या कॉलममधून, म्हणजे रेणूच्या आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलममधून सोडले, तेव्हा एकाऐवजी तीन भाग निघाले: मोठ्या आकाराची प्रथिने, मग प्रोइन्शुलिन आणि त्याच्या जवळचे रेणू, आणि शेवटी इन्शुलिन. त्यापुढे आयन एक्स्चेंजची जोड दिल्यावर १९७० च्या दशकात ‘मोनोकंपोनंट’ म्हणून विकले गेलेले इन्शुलिन आले आणि खड्ड्यांचे प्रमाण घटले. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी इन्शुलिनला मान्यता मिळाली. (आईला मात्र सांगा, रोज एकाच जागी टोचल्याने गाठी आजही होतात. जागा बदलत राहायला हवी.)

जनुकीय इन्शुलिन आपोआप शुद्ध असते असा एक गैरसमज आहे. उलट त्याला जास्त कॉलम लागतात. ई. कोलाय जिवाणूत बनवले तर पूर्वरूप प्रथिन गोळ्यांच्या रूपात साठते. ते युरियात विरघळवून पुन्हा नीट घडी घालावी लागते. मग ट्रिप्सिन आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज बी ही विकरे जादा तुकडा कापून इन्शुलिन मोकळे करतात. चुकीची घडी, अर्धवट कापलेले रेणू, जिवाणूची स्वतःची प्रथिने आणि विकरेसुद्धा त्यात शिल्लक असतात. आयन एक्स्चेंजवर यातला मोठा गाळ जातो. उरतात ती सख्खी भावंडे.

त्यांतले सर्वांत त्रासदायक म्हणजे डेसअमिडो इन्शुलिन. ए साखळीतल्या २१ व्या जागेवरचे अ‍ॅस्परजिन बदलून अ‍ॅस्पार्टिक आम्ल होते. ५,८०८ डाल्टनच्या रेणूत फरक फक्त एका डाल्टनचा. हा फरक रिव्हर्स फेज कॉलम पकडतो. सिलिकाच्या १० मायक्रॉन कणांवर आठ कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या असतात, वाहता द्रव पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइलचा, आणि पीएच ३ ते ४. इन्शुलिनचा समविद्युत बिंदू, म्हणजे रेणूवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो पीएच, ५.३ च्या जवळ आहे. त्या पीएचला ते साकळते, म्हणून आम्लाच्या बाजूला राहायचे. पण आम्लातच डेसअमिडो हळूहळू तयारही होत राहते. त्यामुळे कॉलममधून निघालेला माल टाकीत पडून राहता कामा नये, थंड ठेवून लगेच पुढच्या टप्प्यात गेला पाहिजे. इन्शुलिन गरम झाले आणि हवेबरोबर घुसळले गेले की त्याचे तंतू बनतात. ते परत विरघळत नाहीत आणि कॉलमचे तोंड बंद करतात. फेसाळणारा पंप इथे चालत नाही.

एक लिटर पॅकिंगवर साधारण ५ ते १५ ग्रॅम इन्शुलिन चढवतात. चाचणीच्या यंत्रावर दिसणारे सुबक सममित पीक (आलेखावरचे शिखर) इथे दिसत नाही. पीक एका बाजूला कललेल्या त्रिकोणासारखे होते आणि शेजारची अशुद्धी त्याच्याच पोटात दडते. म्हणून डिटेक्टरची रेषा पाहून माल गोळा करणे धोक्याचे आहे. ती रेषा फक्त काही तरी येते आहे एवढेच सांगते. पिकाचे लहान लहान फ्रॅक्शन (हिस्से) करायचे, प्रत्येकाचा नमुना चाचणीच्या एचपीएलसीवर (उच्च दाबाच्या क्रोमॅटोग्राफी यंत्रावर) टाकायचा आणि मगच कोणते एकत्र करायचे ते ठरवायचे. आम्लीय परिस्थितीत डेसअमिडो इन्शुलिनच्या मागून येते, म्हणजे शेपटीत. शेपूट किती घ्यायची यावर बॅचचे यील्ड (हाती येणारा माल) आणि शुद्धता दोन्ही ठरतात. युरोपीय फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकसंग्रहात) मानवी इन्शुलिनसाठी डेसअमिडोची मर्यादा २ टक्के, इतर संबंधित प्रथिनांची मिळून २ टक्के आणि मोठ्या आकाराच्या प्रथिनांची १ टक्का आहे. मर्यादा दोन टक्क्यांची म्हणून कॉलमवर १.९ पर्यंत घेणे चुकीचे, कारण पुढच्या टप्प्यांत आणि साठवणीत तो आकडा वाढणार असतो.

बाजूच्या फ्रॅक्शनमध्ये अजून भरपूर चांगले इन्शुलिन असते. ते पुन्हा कॉलमवर नेता येते, पण किती वेळा आणि कोणत्या शुद्धतेपासून हे आधी सिद्ध करून लिहून ठेवलेले असावे. रात्रपाळीत यील्ड कमी दिसले म्हणून तिथल्या तिथे घेतलेला निर्णय इथे चालत नाही.

प्रश्न (प्रोसेस डेव्हलपमेंट, अंबरनाथ): पेप्टाइडसाठी २ सेंटिमीटर व्यासाच्या कॉलमवर पद्धत बसली आहे. आता २० सेंटिमीटरवर जायचे आहे. काय स्थिर ठेवायचे आणि काय बदलायचे?

उत्तर: बेडची उंची, कण, तापमान आणि रेषीय वेग स्थिर. प्रवाह, लोड आणि ग्रेडियंटचे (वाहत्या द्रवाचे मिश्रण हळूहळू बदलत नेण्याचे) आकारमान क्षेत्रफळाच्या पटीत. व्यास १० पट, म्हणजे क्षेत्रफळ १०० पट. लहान कॉलमची उंची २५ सेंटिमीटर धरली तर आकारमान ७८.५ मिली. त्यावर ०.८ ग्रॅम लोड आणि मिनिटाला २० मिली प्रवाह असेल, तर मोठ्या कॉलमवर ७.८५ लिटर, ८० ग्रॅम आणि मिनिटाला २ लिटर. ग्रेडियंट दहा कॉलम आकारमानांचा असेल तर दोन्हीकडे तो ३९ मिनिटांतच संपतो. तसा संपत नसेल तर पंप आणि कॉलममधल्या पाइपिंगचे आकारमान मोजा. ग्रेडियंट तिथे उशिरा पोहोचत असतो.

दाब आधी कागदावर काढा. तो उंची, वेग आणि द्रवाच्या स्निग्धतेच्या प्रमाणात वाढतो, आणि कण अर्धा केला की चौपट होतो. अ‍ॅसिटोनायट्राइलऐवजी मेथनॉल वापरून खर्च वाचवायचा विचार असेल तर लक्षात घ्या की पाणी-मेथनॉल मिश्रणाची स्निग्धता मध्यावर सर्वाधिक होते, साध्या पाण्याच्या दीडपटीहून जास्त. लहान कॉलमवर ते खपून जाते, मोठ्या पंपाची मर्यादा तिथे ओलांडते.

मोठ्या कॉलममध्ये बेड हळूहळू बसतो आणि वर पोकळी धरते. म्हणून पिस्टनने सतत दाबून ठेवणारे कॉलम वापरतात. पॅक केल्यावर माल घालायच्या आधी एखाद्या साध्या पदार्थाचे पीक काढा आणि त्याची सममिती नोंदवा. पुढे पीक पुढून फुगले तर भेग किंवा पोकळी, मागून लांबले तर पोकळी, वरचे तोंड घाण झालेले किंवा वितरक प्लेट तुंबलेली. आणि पीएच ८ च्या वर साधी सिलिका विरघळू लागते. कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) धुवायची सवय असलेल्या ऑपरेटरला हे स्वतंत्रपणे सांगा.

प्रश्न (बायोटेक कंपनीतील कर्मचारी, पुणे): अँटिबॉडीच्या प्रोटीन ए (अँटिबॉडीला धरून ठेवणारे प्रथिन) कॉलमवर काही सायकलनंतर दाब वाढतो, आणि इल्यूट केलेला (कॉलमवरून सोडवून घेतलेला) माल पीएच वर नेताना गढूळ होतो. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर: बहुधा आहे. दोन्हींचे मूळ आधीच्या टप्प्यातून येणाऱ्या रसात असते: पेशींचा चुरा, डीएनए, पेशींची प्रथिने. हा रस कॉलमवर जाण्याआधी लगेच ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून गेला पाहिजे. आदल्या दिवशी गाळून ठेवलेल्या रसात पुन्हा गाळ धरतो. लोडनंतर उदासीन पीएचला जास्त मिठाचा वॉश द्या. अँटिबॉडीला चिकटून बसलेली प्रथिने आणि डीएनए त्याने सुटतात. इल्यूशन पीएच ३ ते ३.६ दरम्यान होते. तिथे जरुरीपेक्षा खाली गेलात तर अँटिबॉडीचे पुंजके होतात. पीएच वर नेताना डीएनए आणि पेशींची प्रथिने साकळतात, तोच तुमचा गढूळपणा. एकाच जागी तीव्र ट्रिस (पीएच वर नेणारे बफर) ओतू नका, ढवळत हळूहळू घाला आणि नंतर डेप्थ फिल्टर ठेवा. कमी पीएचवर विषाणू निष्क्रिय करण्यासाठी सुमारे ६० मिनिटे थांबायचे असते. ती वेळ पीएच स्थिर झाल्यावर मोजायची, आम्ल घातल्या क्षणापासून नव्हे.

सफाईसाठी रेझिनच्या उत्पादकाने सांगितलेली कॉस्टिकची तीव्रता पाळा. जुन्या प्रकारच्या प्रोटीन एला कॉस्टिक सोसत नाही, नव्या प्रकारचे ०.१ ते ०.५ मोलर सोसतात. कॉस्टिकआधी आम्लाने किंवा पाण्याने धुऊन प्रथिन काढून टाका, नाहीतर ते तिथेच शिजल्यासारखे घट्ट बसते. साठवण २० टक्के इथेनॉलमध्ये, आणि इथेनॉल स्निग्ध असल्याने ते भरताना प्रवाह निम्म्यावर आणा.

प्रश्न (रहिवासी, बोईसर): या कॉलमना लागणारे अ‍ॅसिटोनायट्राइल विषारी आहे असे ऐकले. ते जाते कुठे? औषधात तर राहत नाही ना?

उत्तर: आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे औषधातली त्याची मर्यादा ४१० पीपीएम (दहा लाखांत ४१० भाग) आहे. तुलनेला मेथनॉलची ३,००० आणि डायक्लोरोमिथेनची ६०० आहे. तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीवर होते.

वापरलेले अ‍ॅसिटोनायट्राइल फेकणे परवडत नाही, ऊर्ध्वपातन करून परत वापरतात. पण साध्या ऊर्ध्वपातनात ते पाण्याबरोबर सुमारे ८४:१६ या प्रमाणावर अडकते, त्यापुढे शुद्ध होत नाही. कॉलमसाठी ते मिश्रण तसेच चालते, फक्त ग्रेडियंट करताना त्यातले पाणी हिशोबात धरायचे. हे सॉल्व्हंट मुख्यतः अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनात उपउत्पादन म्हणून निघते. २००८-०९ मध्ये अ‍ॅक्रिलोनायट्राइलची मागणी घसरली तेव्हा जगभर याचा तुटवडा झाला होता. तेव्हापासून रिकव्हरीकडे लोक गांभीर्याने पाहू लागले. सांडपाण्यात गेले तर ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) जिवाणू ते पचवतात, पण अमोनिया सोडतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या अहवालात सीओडीबरोबर (रासायनिक ऑक्सिजन मागणीबरोबर) अमोनियाकल नायट्रोजनचा आकडाही पाहावा, आणि तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कामगारांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अ‍ॅसिटोनायट्राइल शरीरात गेल्यावर त्यापासून सायनाइड बनते, पण सावकाश. वाफ घेतलेला किंवा अंगावर सांडलेला माणूस पहिले काही तास ठणठणीत वाटू शकतो. त्याला घरी पाठवू नये. भिजलेले कपडे काढून अंग धुवावे, त्याला रुग्णालयात न्यावे, सॉल्व्हंटचे नाव लिहिलेली सुरक्षा पत्रिका सोबत द्यावी आणि डॉक्टरांना सायनाइडचा संबंध स्पष्ट सांगून निदान दिवसभर देखरेखीखाली ठेवायला सांगावे.